तेल कोण काढतंय

३ एप्रिल

आज पुन्हा डोझर तापला. जेवणाच्या सुट्टीआधीच तेलाच्या तापमानाचा काटा लाल पट्ट्यात गेला. ऑपरेटर विक्रमसिंहानं ब्लेड जमिनीला टेकवली, मशीन बंद केली आणि खाली उतरून तंबाखू मळत माझ्याकडे बघत बसला. बोलला काहीच नाही. बोलणाऱ्या माणसाचं एक बरं असतं, त्याच्या पोटातलं कळतं. हा नुसता बघतो.

होळीच्या आधी मी इथं ग्वाल्हेरला आलो. विश्वासरावांनी शिवपुरी रोडच्या पुढं टेकडी कापून प्लॉट पाडायचं काम घेतलंय. त्यांचे वाडवडील मराठ्यांच्या फौजेबरोबर इकडं आले नि इथलेच झाले. मराठी मिस्तरी पाहिजे म्हणून त्यांनी जतला आमच्या वस्तादाला फोन केला, वस्तादानं मला गाडीत बसवलं. आठवी नापास माणसाला एवढ्या लांबून कोण बोलावतं, म्हणून मी आलो.

इंजिन तापत नाही, पाण्याचा काटा जागेवर असतो. तापतं ते मागचं, ट्रान्समिशन. गिअर नि क्लच तेलात फिरतात तो भाग. आणि ते मी आल्यापासूनच तापायला लागलंय. आधी ठीक होतं म्हणे. मिस्तरी नवा आला आणि मशीन बिघडायला लागली, हे आपोआप होत असतं काय? मला बदनाम करायचा डाव आहे.

संध्याकाळी विश्वासराव म्हणाले, "नेमकं काय ते तूच शोध. ऑपरेटरची काही चूक असेल तर मला खाजगीत सांग. मग त्या सीटवर तुला बसवू." त्या सीटचं नाव काढलं की मला झोप लागत नाही. घरी मी आधीच सांगून टाकलंय की मी डोझर चालवतो.

५ एप्रिल

काल आणि आज मशीन उघडून बसलो. तेल थंड करणारा कूलर पाण्यानं धुतला, जाळीतली माती हवा मारून काढली. फिल्टर कापून बघितला, आत लोखंडाचा कण नाही. म्हणजे क्लच घासत नाहीत. काटा खोटं बोलत असेल म्हणून लष्कर बाजारातल्या दुकानातून नवा आणून बसवला. नवा काटा पण दुपारी लाल पट्ट्यात.

मग राहिलं काय? तेल.

सकाळी पहिलं काम तेल बघायचं, ही वस्तादाची शिकवण. जतला बारा गाड्या उभ्या असायच्या, एकाही गाडीला मी तेल न बघता चावी लावली नाही. इथं पण मशीन चालू करून, अजून थंड असताना, पट्टी काढून बघतो. पट्टीवर दोन खुणा आहेत, एक खाली, एक वर. रोज सकाळी तेल खालच्या खुणेवर असतं. रोज मी वरच्या खुणेपर्यंत भरतो. दुसऱ्या दिवशी पुन्हा खाली.

मशीनखाली रेतीवर थेंब नाही. पाईप कोरडे. मग तेल जातं कुठं?

९ एप्रिल

दर्पण कॉलनीत इंदुताईंच्या वरच्या खोलीत मी राहतो. एकट्याच असतात. पोळ्या मोजत नाहीत, पण मी किती खातो ते बघतात, असं मला वाटतं.

आज जेवताना त्यांना सगळं सांगितलं. त्या म्हणाल्या, "मग त्याला सरळ पुछलंस का तू?"

म्हटलं, चोराला विचारून चोरी कळते का?

"चोर आहे हे तुला कसं कळलं मग?" असं म्हणून त्यांनी ताटात अजून एक पोळी टाकली. इकडच्या लोकांचं मराठी ऐकायला गोड आहे, पण त्या विक्रमसिंहाची बाजू का घेतात ते कळलं नाही. ओळख असेल. या गावात सगळ्यांची सगळ्यांशी ओळख आहे, माझी सोडून.

११ एप्रिल

आज नवीनच बघितलं. संध्याकाळी मशीन बंद झाल्यावर ट्रान्समिशनच्या वर जी हवा जायची टोपी असते तिच्या बाजूनं तेल ओघळलेलं. बोट लावून बघितलं तर तेलाला फेस. ताकासारखा. विक्रमसिंह तिथंच उभा होता, म्हणून मी काही दाखवलं नाही, हात पुसून निघून आलो.

तेलाला फेस कशानं येतो? पाणी पडलं तर येतो. साबणानं पण येतो. हातावर घेऊन वास घेतला, जिभेला लावून बघितलं. साबण नाही. पाणी असतं तर तेल दुधासारखं झालं असतं, तसंही नाही. नुसते बुडबुडे. पण हा माणूस यात काहीतरी घालतो, एवढं नक्की. दिवसाढवळ्या नाही घालणार. सकाळी माझ्या आधी येतो तेव्हा.

उद्यापासून मी त्याच्या आधी जाणार.

१४ एप्रिल

सकाळी त्याच्या आधी गेलो. तेल खालच्याच खुणेवर. म्हणजे काढतो तो संध्याकाळी. मी डबा आणून भरायला लागलो, तेवढ्यात हा मागं येऊन उभा राहिला. पायांचा आवाज पण करत नाही.

"कितना भरेगा, मराठे?" म्हणाला.

मी पण त्याच्या डोळ्यात बघून म्हणालो, "जितना कोई निकालेगा."

तो बाजूला थुंकला नि सीटवर जाऊन बसला. त्याच्या तोंडावर राग होता, पण चोरी पकडल्यावर येतो तसला नव्हता. आपलीच वस्तू कोणी उचलून नेताना माणूस जसा बघतो, तसा. मी उगाच विचार करतो. चोर लोक नाटकं करतातच.

मी चालू मशीनवर चढायला गेलो की हा हात आडवा करतो. दुपारी मशीन तापलेली असताना तर जवळ पण येऊ देत नाही. म्हणतो, भाजशील. माझी काळजी याला कधीपासून?

१८ एप्रिल

पकडला.

सुट्टी झाल्यावर मी निघाल्यासारखं केलं आणि मुरुमाच्या ढिगाऱ्यामागं थांबलो. उजेड होता चांगला. विक्रमसिंहानं मशीन चालू ठेवून पट्टी काढली, बघितली. मग मशीन बंद केली, खाली शिरला, पाना लावला, नट ढिला केला आणि डब्यात तेल सोडलं. धूर निघत होता तेलातून. डबा फडक्यानं झाकला आणि सामानाच्या कंटेनरकडं घेऊन गेला. मी मोबाईलवर फोटो काढले. एका फोटोत त्याचं तोंड अगदी स्वच्छ आलंय.

एवढा आनंद मला कशाचा झाला ते सांगता येत नाही.

१९ एप्रिल

सकाळीच विश्वासरावांना फोटो दाखवले. त्यांनी मोबाईल हातात घेऊन फोटो मोठा करून बघितला. विक्रमसिंहाला बोलावलं. मला वाटलं तो भांडेल. त्यानं फोटो बघितला, मग माझ्याकडं, मग विश्वासरावांकडं. त्यांच्याकडं जास्त वेळ. म्हणाला, "अच्छा, तो यह तरीका निकाला." आणि खांद्यावर टॉवेल टाकून चालता झाला.

विश्वासरावांचा मुलगा हेमेंद्र तिथंच होता. त्यानं माझ्याकडून फोटो मागून घेतला आणि ऑपरेटर लोकांच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर टाकला. खाली लिहिलं, तेलचोर, सावधान. त्या ग्रुपवर ग्वाल्हेर, मुरैना, दतियापर्यंतचे ठेकेदार आहेत, मलाही त्यानं तेव्हाच त्यात घेतलं. थोड्याच वेळात हसणारी तोंडं यायला लागली.

विश्वासरावांनी माझी पाठ थोपटली. म्हणाले, परवापासून सीट तुझी, पगार सध्या मिस्तरीचाच, पुढं बघू. पुढं हसत म्हणाले की या विक्रमसिंहाला सुट्टीचे पैसे पाहिजेत, जास्त वेळचे पाहिजेत, दुसऱ्यांनाही शिकवत होता. चोर माणसाची हाव बघा.

२१ एप्रिल

सीटवर बसलो. आईला फोटो पाठवला. दोन्ही हात दांड्यांवर ठेवले, ब्लेड खाली घेतली आणि पुढं माती लाटेसारखी उठली. मी एकटाच हसत होतो. वस्तादाच्या अंगणात टायर धुतले तेव्हापासून हेच पाहिजे होतं.

दुपारी काटा लाल पट्ट्यात गेला.

२३ एप्रिल

आज पण. लू चालू झालीय, ती गरम वाऱ्याची झळ तोंडावर बसते, पण ते कारण नाही. सकाळी दहालाच काटा चढायला लागतो.

विक्रमसिंह गेला, मग आता कोण? काल संध्याकाळी तेल भरायच्या झाकणावर नि खालच्या नटावर कागदाची पट्टी चिकटवून अंगठा मारून ठेवला होता. आज सकाळी दोन्ही पट्ट्या तशाच. तेल वरच्या खुणेवर, मी भरलं तेवढंच. कोणी काढलं नाही, कोणी घातलं नाही. तरी तापतंय. हेमेंद्रवर नजर ठेवली. तो तर मशीनजवळ येतच नाही, बूट खराब होतात म्हणून.

कंटेनरमध्ये फावडं आणायला गेलो तर मागं ताडपत्रीखाली डबे दिसले. सगळे भरलेले. त्यानं काढलेलं तेल. एक थेंब विकलेला नाही. झाकणं घट्ट लावून नीट ओळीत ठेवलेत.

चोर चोरलेला माल मालकाच्याच घरात का ठेवेल? एकदम नेणार असेल. असंच असेल. दुसरं काय असणार.

२४ एप्रिल

आज दुपारी काटा लाल व्हायच्या आत मशीन उभी केली, चालू ठेवली, आणि गरम असतानाच पट्टी काढली. आडवा हात करणारा आता कोणी नव्हता.

तेल वरच्या खुणेच्याही चार बोटं वर. फेसानं भरलेलं.

मी पट्टी पुसली, पुन्हा घातली, पुन्हा काढली. तेवढंच. उन्हात तिथंच बसून राहिलो. तेल गरम झालं की फुगतं, हे काय मला माहीत नव्हतं? कढईत बघितलंय. खालची खूण सकाळच्या थंड तेलाची आहे. वरची दुपारच्या गरम तेलाची. जतच्या गाड्यांना खालची खूण म्हणजे तेल संपत आलं. मी तेच इथं चालवलं. सकाळी थंड तेल वरच्या खुणेपर्यंत भरायचो, ते दुपारी फुगून वर जायचं, गिअर त्यात घुसळायचे, फेस व्हायचा, आणि फेसानं काही थंड होत नाही.

आणि विक्रमसिंह रोज संध्याकाळी मी घातलेलं जास्तीचं तेल काढून ठेवत होता. रोज सकाळी मी ते पुन्हा भरत होतो.

खाली शिरलो, नट ढिला केला, वरच्या खुणेपर्यंत तेल सोडलं. तळहात भाजला. मग सुट्टीपर्यंत मशीन चालवली. काटा हिरव्या पट्ट्यातून हलला नाही.

२६ एप्रिल

मी कोणाला सांगितलेलं नाही.

विश्वासराव सगळ्यांना सांगत फिरतायत की चोर गेला आणि मशीन थंड झाली. माझ्याकडं बघून डोळा मारतात. मी हसलो. हसणं तोंडावर आपोआप आलं.

सांगून काय होणार? सीट जाईल. माझी चूक होती, पण तोही बोलला असता तर? एक शब्द. मला काय त्याच्या पोटात शिरून बघायचं होतं? त्याचीच अर्धी चूक. असं मी दिवसभर मशीनवर बसून मोजत होतो.

इंदुताईंनी आज विचारलं की तुझी गाडी गरम होणं बंद झालं ना, मग जेवण का कमी झालं तुझं. त्यांच्या भाच्याची लोडिंगची गाडी आहे. त्याच्याकडून त्यांना कळलं की विक्रमसिंह कामासाठी तीन-चार ठेकेदारांकडं फिरला, सगळ्यांनी मोबाईलमधला फोटो दाखवून परत पाठवलं. एकानं तर त्याचे खिसे तपासायची मस्करी केली म्हणे, एवढ्या म्हाताऱ्या माणसाची.

मी हात धुवून वर आलो.

२८ एप्रिल

हजिऱ्याला, विक्रमसिंहाच्या वस्तीत गेलो. घर शोधायला वेळ लागला नाही. दोघांना विचारलं, दोघं पण हसले, म्हणाले तेलवाला ना?

दारात खाटेवर बसला होता. मला बघून उठला नाही. त्याच्या बायकोनं पाणी आणून दिलं आणि आत गेली. मी उभा राहूनच सगळं सांगितलं, माझ्या मोडक्या हिंदीत. खुणा, फेस, सकाळ, दुपार.

तो ऐकत होता. मग म्हणाला, "मैं समझा मालिक ने बोला है तुझे. गाड़ी बिगाड़ दे, बुड्ढा अपने आप चला जाएगा."

म्हणून बोलला नाही. मला वाटत होतं तो माझ्यावर डाव टाकतोय आणि त्याला वाटत होतं मी त्याच्यावर. दोघं एकाच तेलावर पहारा देत होतो. मी म्हटलं, मी उद्याच मालकांना सांगतो, तुम्ही परत या.

यावर तो पहिल्यांदा हसला. "मालिक को क्या बताएगा? मालिक को पता है मैं चोर नहीं हूँ. ग्रुप में किसे पता है?"

मला ते तेव्हा पटलं नाही. विश्वासराव आपले माणूस आहेत, मराठी आहेत.

२९ एप्रिल

विश्वासरावांना सांगितलं. त्यांना नवल वाटलं नाही. मी नीट बघत होतो, भुवई पण हलली नाही. म्हणाले, "तू खरं बोललास, चांगलं केलं. आता परेशान नको होऊ. झालं ते ठीकच झालं. तुला सीट मिळाली, मला शांती मिळाली. बाहेर कोणाकडे बोलू नकोस बस."

म्हटलं, त्याला काम मिळत नाही.

म्हणाले, "मिळेल. नाही मिळालं तर घरी बसेल, उमर झाली त्याची." आणि माझ्या खिशात पाचशेची नोट घातली. तेलाचं डोकं लावल्याबद्दल, म्हणे.

ती नोट मी अजून खिशातून काढलेली नाही. हातच लावावासा वाटत नाही.

१ मे

दुपारी मशीन उभी केली. मोबाईल ब्लेडला टेकवून ठेवला आणि व्हिडिओ चालू केला. पट्टी काढून दाखवली. बोटानं दाखवलं की ही खालची खूण सकाळची, ही वरची दुपारची. कंटेनरमधले डबे दाखवले. मग म्हणालो, मैं रोज सुबह ऊपर तक भरता था, मेरेको मालूम नहीं था. विक्रमसिंह जी शाम को ज़्यादा वाला निकालके यहीं रखते थे. चोरी नहीं थी. फोटो मैंने निकाला था. मेरा नाम रोहिदास है.

नाव सांगताना आवाज फाटला. पुन्हा रेकॉर्ड करायचं होतं, पण म्हटलं पुन्हा केलं तर धीर राहणार नाही. ग्रुपवर टाकलं.

कोणीतरी लिहिलं, मेरी पोकलेन में भी दो निशान हैं भाई. मग एकानं अंगठा. एकानं लिहिलं, पढ़ा लिखा मिस्तरी, आणि हसणारं तोंड. मग हेमेंद्रनं मला ग्रुपमधून काढून टाकलं. त्याला उशीर झाला होता, व्हिडिओ पुढं गेला होता.

२ मे

सीट गेली, कामही गेलं. विश्वासराव ओरडले नाहीत, नुसतं म्हणाले की आपल्या माणसाकडून अशी उम्मीद नव्हती. ही आपल्या माणसाची गोष्ट आता मी लवकर कोणाकडून ऐकणार नाही. त्यांची नोट टेबलावर ठेवून आलो.

विक्रमसिंहाचा फोन नाही, काही नाही. मीही अपेक्षा ठेवली नव्हती. थोडी ठेवली होती.

इंदुताई म्हणाल्या, भाडं पुढच्या महिन्यात दे, आत्ता डोक्यावर नको घेऊ. एवढं चांगलं का वागतात, ते शोधायला पाहिजे. आईला काय सांगायचं ते अजून ठरलेलं नाही.

४ मे

सकाळी अनोळखी नंबरवरून फोन आला. मालनपूरकडं कोणाचं तरी काम आहे, त्याचा लोडर तापतोय, इंजिन नाही, ट्रान्समिशन. येऊन बघ, जमलं तर राहा, म्हणाला. विचारलं, माझा नंबर कोणी दिला? म्हणाला, मिल गया. विचारलं, तुम्ही विश्वासरावांच्या ओळखीचे का? तो हसला आणि म्हणाला, किसके?

मला यात काहीतरी वाटतंय. व्हिडिओत मी नंबर सांगितला नव्हता. ग्रुपवरून घेतला म्हणावं तर तिथून मला काढलंय. इथं माझा नंबर आहे कोणाकडं? विश्वासरावांकडं, हेमेंद्रकडं, इंदुताईंकडं. आणि विक्रमसिंहाकडं, कामाचा म्हणून घेतला होता. पण तो कशाला देईल? नेऊन मारायचा बेत असेल. इंदुताईंना गावाचं नाव सांगून ठेवलंय, संध्याकाळपर्यंत आलो नाही तर भाच्याला पाठवा म्हणून. त्या हसत होत्या, त्यांचंही मला काही कळत नाही.

पाने पिशवीत भरले. निघताना त्या माणसाला फोन करून सांगितलं की मी येईपर्यंत तेलाला हात लावू नका, आणि लोडर बंद करू नका, मला गरम असतानाच बघायचंय.

तो म्हणाला, "हाँ, उसने बोला था, तू सबसे पहले यही बोलेगा."

कोण, ते सांगायच्या आत त्यानं फोन ठेवला.